वजन तेवढेच, कंबर मात्र वाढलेली

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका ५६ वर्षांच्या असून एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवतात. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ५३ किलो. गेल्या पंधरा वर्षांत वजनाचा काटा एक-दोन किलोंपलीकडे हललेला नाही, परंतु पाळी थांबल्यापासून पोट सुटत गेले. शाळेतील आरोग्य शिबिरात कंबर ८८ सेंटिमीटर भरली. त्यानंतरच्या तपासण्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील एक प्रकारची चरबी) २१० आणि सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात साठलेली सौम्य प्रमाणातील चरबी, निघाले. ओळखीच्या डॉक्टरांच्या मते वजन प्रमाणात आहे आणि या वयात एवढे चालायचेच. पती ६२ वर्षांचे आहेत. त्यांची उंची १६८ सेंटिमीटर आणि कंबर १०४ सेंटिमीटर आहे, पण पोट ही खात्यापित्या घरची खूण आहे असे ते म्हणतात. पुण्यातल्या मुलीने एकवीस दिवसांच्या ज्यूस डाएटचे पैसे परस्पर भरले आहेत आणि घाम काढणारा पोटाचा पट्टाही पाठवला आहे. ८३ वर्षांच्या सासूबाईंचे वजन सहा महिन्यांत ४६ वरून ४२ किलोंवर आले असून ‘आजी बघा कशा हलक्या झाल्या’ असे त्यांचे उदाहरण घरात दिले जाते. पत्रलेखिका विचारतात: या वयात पोटाची चिंता करणे ही दिसण्याची हौस आहे का? नसेल, तर पतीचे ऐकू, मुलीचे ऐकू, की सासूबाईंसारखे खाणेच कमी करू?

ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट तुमचे पोट नसून तुमच्या सासूबाईंचे वजन आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. त्र्याऐंशी वर्षांच्या व्यक्तीने कोणताही प्रयत्न न करता सहा महिन्यांत चार किलो गमावणे म्हणजे शरीराचा जवळजवळ बारावा हिस्सा गमावणे होय. म्हातारपणी सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक आपोआप उतरले तर त्याचे कारण शोधायचे असते, असा वैद्यकातील साधा नियम आहे. कारण अगदी किरकोळ असू शकते, जसे न बसणारी कवळी, गिळताना होणारा त्रास, एखाद्या गोळीने मेलेली भूक किंवा एकटेपणातून आलेली उदासी. आणि थायरॉइड, अनियंत्रित मधुमेह, क्षयरोग किंवा कर्करोग असे गंभीरही असू शकते. या वयात उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो, आणि स्नायू गेले की पडण्याचा आणि खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. तेव्हा त्यांचे उदाहरण देणे आजपासून बंद करावे आणि या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.

आता तुमच्याविषयी. ही हौस नाही. (असती तरी तिची लाज वाटण्याचे कारण नव्हते.) साखर, ट्रायग्लिसराइड्स, यकृत आणि कंबर या चारही गोष्टी एकच कथा सांगत आहेत. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ या दरम्यान असणे म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असणे. ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत हवेत. आणि भारतीय स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरच्या, तर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत असावी, असा आपल्याकडील तज्ज्ञांनी स्वीकारलेला निकष आहे. एका गोष्टीची मात्र खात्री करून घ्या. तुमचे हिमोग्लोबिन किती आहे ते पत्रात नाही, आणि लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घेतले की चित्र स्पष्ट होईल. यकृताच्या चरबीमुळे तिथे व्रण धरू लागले आहेत का, याचा प्राथमिक अंदाज वय, रक्ततपासणीतील एएसटी व एएलटी (यकृतातील दोन विकरे) आणि प्लेटलेट्स या साध्या आकड्यांवरून काढता येतो. तो डॉक्टरांना आवर्जून विचारा.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितले ते चूक नाही, अपुरे आहे. तुमचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २२.९ येतो आणि भारतीयांसाठी धरलेल्या २३ च्या मर्यादेत तो कसाबसा बसतो. परंतु वजनाच्या काट्याला किलो कळतात, ते किलो कशाचे आहेत हे कळत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचे वस्तुमान सुमारे तीन ते आठ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. पंधरा वर्षांत तुमच्या दंड-मांड्यांतील स्नायू जेवढे गेले असतील, साधारण तेवढ्याच वजनाची चरबी पोटात आली असेल, तर काटा जागचा हलणार नाही आणि शरीर मात्र आतून बदललेले असेल. दंडावरचे पोलके सैल आणि पोटावरचे घट्ट होत असेल, तर हेच घडले आहे असे समजायला हरकत नाही.

या विषयाचे मोठे काम आपल्या पुण्यातच झाले आहे, हे तुमच्या मुलीलाही सांगा. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात तर असे दिसले की तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन जेमतेम २.७ किलो होते आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, मात्र आपल्या बाळांचे स्नायू जितके कमी होते तितकी पाठीवरच्या त्वचेखालची चरबी कमी नव्हती. म्हणजे बारीक दिसणारे पण चरबी बाळगणारे शरीर ही आपल्याकडे बऱ्याच अंशी जन्मापासूनची ठेवण आहे. यातून ‘मग काही करून उपयोग नाही’ असा अर्थ काढायचा नसून, युरोपातील माणसांवरून ठरवलेल्या वजनाच्या तक्त्यांवर आपण विसंबू नये एवढाच घ्यायचा आहे.

पोटाची चरबी वेगळी का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो कळल्याशिवाय पुढच्या उपायांतला फरक कळणार नाही. चिमटीत येते ती त्वचेखालची चरबी. आतड्यांभोवती, यकृताभोवती साठते ती आतली चरबी, आणि ती चिमटीत येत नाही. त्वचेखालची जागा धान्याच्या कोठीसारखी आहे. तिची क्षमता प्रत्येकाची वेगळी असते, आणि ती भरली की उरलेले धान्य घरभर जिथे जागा मिळेल तिथे ओतावे लागते. आतल्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले रक्तवाहिनीने थेट यकृतात जातात. यकृत त्यातून ट्रायग्लिसराइड्स बनवून रक्तात सोडते, स्वतःही चरबीने भरते आणि इन्सुलिनचे ऐकेनासे होते. शिवाय ही चरबी शरीरात मंद, सततचा दाह निर्माण करणारी रसायने सोडते. तुमच्या अहवालातले तीनही आकडे या एकाच साखळीचे दुवे आहेत. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याशी बॉडी मास इंडेक्सपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तराचा संबंध अधिक घट्ट आढळला. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चाळिशीच्या सुरुवातीला ज्यांचे पोट सर्वांत मोठे होते त्यांना तीन दशकांहून अधिक काळानंतर स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण, पोट सर्वांत लहान असलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट दिसले. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, संबंध दाखवतात. पण मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडणे, आतड्याचा आणि पाळी थांबल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग अशा अनेक बाजूंनी हा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. आणि तुम्ही यात एकट्या नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मधील देशव्यापी अहवालात प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक वजनाच्या निकषावर स्थूल होते, तर पोटाच्या निकषावर ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमधल्या फरकात तुमच्यासारखी कितीतरी माणसे असणार.

‘वयच झाले’ या वाक्यात अर्धे खरे आहे. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि चरबीचा ओढा नितंब-मांड्यांकडून पोटाकडे वळतो. हे तुमच्या हातात नव्हते. परंतु चाळिशीनंतर शरीराची भट्टीच मंद होते, या सर्वमान्य समजाला मात्र आधार कमी आहे. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत सहा हजारांहून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापे तपासून २०२१ साली संशोधकांनी दाखवले की शरीराच्या आकाराचा आणि स्नायूंचा हिशेब धरला तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो आणि नंतर हळूहळू उतरतो. मधल्या काळात बदलते ते आपले हिंडणे-फिरणे, झोप, संध्याकाळचे खाणे आणि स्नायू. यांतल्या बहुतेक गोष्टींवर आपला थोडाफार ताबा असतो.

कंबर मोजण्याची पद्धतही इथे सांगून ठेवते, कारण तुमचे पती ‘पँटचा नंबर तोच आहे’ असे नक्की म्हणतील. पुरुषांची पँट वर्षानुवर्षे पोटाच्या खाली सरकत जाते, त्यामुळे नंबर बदलत नाही. परकराची नाडी तर कितीही सैल करता येते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचे वरचे टोक यांच्या मधोमध, सरळ उभे राहून, सहज श्वास सोडल्यावर टेप धरावा. त्याहून सोपा निकष म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. तुमच्यासाठी तो आकडा ७६ येतो आणि तुमच्या पतींसाठी ८४. ते दोन्ही आकडे गाठायलाच हवेत असा हट्ट मी धरणार नाही. सहा महिन्यांत चार-पाच सेंटिमीटर उतरले तरी रक्ताचे अहवाल सुधारलेले दिसण्याची चांगली शक्यता आहे. पोट काही आठवड्यांतच भराभर वाढले असेल, थोडे खाल्ल्यावर पोट गच्च वाटत असेल, पाय सुजत असतील किंवा पाळी थांबल्यानंतर रक्तस्राव होत असेल, तर मात्र ती चरबी आहे असे गृहीत धरू नये. पोटातील पाणी आणि अंडाशयाच्या गाठीही अशाच दिसतात. तुमची सोनोग्राफी झाली आहे. ज्यांची झालेली नाही त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता मुलीच्या भेटवस्तूंकडे वळू. पट्ट्याने घाम येतो, घामाने पाणी जाते आणि संध्याकाळपर्यंत पाणी पिऊन ते परत येते. चरबी ठरावीक जागेवरून उतरवता येत नाही; पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यांच्या आतली चरबी त्यामुळे निवडून वितळत नाही. वर्षे लोटली तरी मला बोलका वाटणारा एक प्रयोग आहे: २००४ साली स्थूल स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालची सुमारे दहा किलो चरबी शस्त्रक्रियेने शोषून काढण्यात आली, आणि तरीही त्यांच्या इन्सुलिनच्या कामात, रक्तदाबात किंवा ट्रायग्लिसराइड्समध्ये काही सुधारणा झाली नाही. दहा किलो काढून जे साधले नाही ते पट्ट्याने साधणार नाही.

ज्यूस डाएटला माझा विरोध अधिक ठाम आहे. तुमच्याकडे जास्तीचे वजन फारसे नाही. तुमच्याकडे स्नायू कमी आहेत. एकवीस दिवस फळांच्या रसावर राहिलात तर वजन उतरेल, त्यात स्नायू जातील, आणि पुन्हा जेवू लागल्यावर परत येणारे वजन मुख्यतः चरबीचे असेल. शिवाय साखर उंबरठ्यावर असताना आणि यकृतात चरबी असताना चोथा काढलेला गोड रस दिवसभर पिणे हा उलटा उपाय आहे. पैसे परत मिळत असतील तर मागून घ्या. मुलीने हे काळजीपोटी केले आहे, म्हणून नकार देताना तिच्याकडे दुसरे काही मागा: रोज संध्याकाळी फोनवर बोलत तुमच्यासोबत अर्धा तास चालण्याची वेळ मागा. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचीही सध्या बरीच चर्चा आहे. ती औषधे परिणामकारक आहेत, परंतु तुमच्याइतक्या वजनासाठी ती नाहीत, आणि कुणीही ती परस्पर घेऊ नयेत.

मग करायचे काय? खाणे कमी करण्यापेक्षा ताटातली मांडणी बदला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार एकूण उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपुढे जाऊ नये. आपल्या घरी पोहे, पोळी आणि भात यांतच तो कितीतरी पुढे जातो. सकाळच्या पोह्यांत मूठभर मोडाची मटकी किंवा सोबत एक अंडे, दुपारी पातळ आमटीऐवजी घट्ट वरण किंवा उसळ, रात्री भात आणि पोळी यांपैकी एकच, आणि जोडीला पिठले, पनीर किंवा मासे, असे बदल स्वयंपाकाचा व्याप न वाढवता होतात. दिवसाला वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम प्रथिने, म्हणजे तुमच्यासाठी सुमारे ५३ ग्रॅम, हे उद्दिष्ट धरा. तीस ग्रॅम कच्च्या डाळीत सात ग्रॅम, एका अंड्यात सहा आणि पावलीटर दुधात आठ ग्रॅम प्रथिने असतात, यावरून हिशेब जमेल. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र हा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. उपवासाविषयी थोडे नाजूकपणे सांगते: साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि खिचडी, वेफर्स व बटाट्याचा कीस खाऊन केलेली एकादशी साखरेच्या दृष्टीने इतर दिवसांहून जड ठरते. उपवास सोडा असे मी म्हणणार नाही. भगर, दही, ताक, दाणे आणि फळे यांवर तो करता येतो. तेलाचा अंदाज चमच्यांनी येत नाही, महिन्याच्या किराणा यादीवरून येतो. बैठे काम करणाऱ्या माणसाला दिवसाला २० ते २५ ग्रॅम तेल पुरे, म्हणजे तीन माणसांच्या घरात महिन्याला दोन ते अडीच लिटर. त्याहून अधिक डबे रिकामे होत असतील तर कुठे जिरते ते पाहा. संध्याकाळच्या चहासोबतची खारी-बिस्किटे आणि फरसाण तर, माझ्या मते, घरात आणूच नयेत; समोर ठेवून संयम पाळणे फार थोड्यांना जमते.

व्यायामात चालणे तुम्हाला सगळेच सांगतील, आणि ते बरोबरच आहे: आठवड्याला दीडशे मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली साखर चढू न देण्यास खरोखर मदत करते. परंतु तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचा भाग सहसा कुणी सांगत नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जड पडेल असे काम द्यायला हवे. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा-बारा वेळा उठबस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या खांद्यावर उचलणे, जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करणे एवढे घरच्या घरी जमते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. सोपे वाटू लागले की वजन किंवा संख्या वाढवा, नाहीतर स्नायूंना वाढायचे कारण उरत नाही. या काळात काट्यावर आकडा तोच राहिला आणि कंबर उतरली तर तो उत्तम परिणाम समजा. वजन उतरलेच तर दोन-तीन किलोंपर्यंत उतरू द्या, त्याहून अधिक नको.

तुमच्या घरात एकाच चुलीवर तीन वेगळ्या शरीरांसाठी स्वयंपाक होतो, हे विसरू नका. सासूबाईंच्या ताटात तूप, दूध, मऊ खिचडी आणि अंडे वाढायला हवे, कमी करायला नको. ‘आता घरात सगळ्यांचेच डाएट’ हा उत्साह त्यांच्या जिवावर बेतू शकतो. तुम्हाला स्नायू कमवायचे आहेत. तुमच्या पतींना मात्र वजनच उतरवायचे आहे. त्यांनी आपली साखर, रक्तदाब आणि लिपिड (रक्तातील चरबी) शेवटचे केव्हा तपासले, याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला तेच सर्वांत खटकले. घरात सर्वांत मोठी कंबर त्यांची आहे, पण तपासणी झाली ती तुमची. सासूबाईंना डॉक्टरांकडे नेण्यासाठी त्यांनाच सोबत न्या आणि त्याच फेरीत त्यांचाही रक्तदाब व रक्त तपासून घ्या. आईसाठी आलेला माणूस स्वतःच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधू देताना फारसा वाद घालत नाही. ते रात्री मोठ्याने घोरत असतील, मध्येच श्वास अडून दचकत असतील किंवा दिवसा बसल्या बसल्या डुलक्या घेत असतील, तर तेही डॉक्टरांना त्यांच्यादेखतच सांगा. तुमचे एचबीएवनसी आणि लिपिड तीन महिन्यांनी पुन्हा करा, आणि कंबर महिन्यातून एकदाच मोजा.